केवटी नदी आणि नात्याचा रकाना

विनोदिनी, तेलीबांधा, रायपूर
४ एप्रिल २००५

प्रिय भोजली,
जय भीम.

नमनाला घडाभर तेल घालायची माझी खोड तुला ठाऊक आहे, म्हणून आज आधी बातमी सांगते. राज्यातल्या लहान नद्या पुन्हा वाहत्या करायला एक निधी निघाला आहे, आणि कुठल्या नदीला तो द्यायचा हे ठरवणाऱ्या समितीत माझं नाव आलं आहे. पाटबंधारे खात्यात जन्मभर दुसऱ्यांनी आखलेले कालवे मी नकाशावर उतरवले. माझं मत कुणी कधी विचारलं नाही. रिटायर झाल्यावर विचारतायत! आमचे श्यामराव म्हणतात, राजधानी झाल्यापासून रायपुरात माणसांपेक्षा समित्या जास्त झाल्यात, त्यात तुझी एक. म्हणू देत. नियुक्तीचं पत्र मात्र त्यांनीच पुन्हा पुन्हा वाचलं.

आता कामाचं. तुमची केवटी या निधीत बसते. पात्रतेचे निकष सोबत पाठवते आहे, पण तू मास्तरीण असूनही छापील कागद वाचायचा कंटाळा करतेस, म्हणून थोडक्यात सांगते. नदी पुढे मोठ्या नदीला मिळायला हवी, केवटी खारूनला मिळते. काठावरच्या लोकांची समिती हवी आणि तिच्यात बायका हव्यात, तुमच्या वस्तीत, अख्ख्या पाऱ्यात, बायकांशिवाय कुठलं काम होतं? आणि पैसे मागण्याआधी लोकांनी स्वतः थोडं श्रमदान केलेलं असावं. तेवढं करा आणि मे उजाडायच्या आत अर्ज पाठव.

नदीवर स्लॅब टाकून गटार करणार असं तू संक्रांतीला म्हणाली होतीस, ते मी विसरलेले नाही. एकदा निधी मंजूर झाला की स्लॅब टाकता येत नाही, असं नियमातच आहे. ज्या पाण्यात आपण भोजली सोडली, ते पाणी झाकलं गेलेलं मला बघवणार नाही.

फोन केला असता, पण तो येणार भैय्यालालच्या दुकानात, आणि तिथे अर्धा पारा कान टवकारून उभा. म्हणून आपलं पत्रच बरं. पाकिटावर तुझं नाव नेहमीसारखं श्यामरावांकडून लिहून घेतलं आहे.

तुझी भोजली


अपर्णा, बीरगांव
११ एप्रिल २००५

प्रिय भोजली,
जय भीम.

अभिनंदन, मेंबरसाहेब! आता तुला भेटायचं तर चिठ्ठी आत पाठवावी लागेल की काय?

तुझं पत्र मी विहाराच्या अंगणात सगळ्यांना वाचून दाखवलं. खाली "तुझी भोजली" वाचल्यावर लहानूच्या बायकोने विचारलं, "दीदी, यांचं नाव काय हाय?" ती नागपूरकडची नवी सून, तिला काय ठाऊक! मी काही नाव घेतलं नाही. पाऱ्यातल्या म्हाताऱ्या भीमाबाईने तिला बाजूला बसवून समजावलं, की श्रावणात टोपलीत गहू पेरतात, राखीच्या दुसऱ्या दिवशी ती पिवळी रोपं नदीवर नेतात, आणि दोघी जणी एकमेकींच्या कानावर रोप खोवतात. झाल्या भोजली. मग जन्मभर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, लिहायचं नाही, आणि सुखदुःखाला सख्ख्या बहिणीआधी उभं राहायचं. पोरगी म्हणाली, "पन तुमी तं बुद्धाचे, अन् त्या रेल्वेवाल्या बामनाच्या." तेव्हा मला माझ्या बाबांची आठवण झाली. आपण भोजली झालो त्या दिवशी तुमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये सगळे बघत असताना ते म्हणाले होते, "देवी आपन मानत नाही. मैत्रीन मानतो." तुझ्या आईने पुढचे चार दिवस तोंड फुगवलं, आणि पाचव्या दिवशी माझ्या हाती घरच्यांसाठी पुरणपोळ्या पाठवल्या.

नदीचं ऐकून पारा एकदम उठला आहे. आजपर्यंत तिला सगळे नालाच म्हणत होते. काल भैय्यालालने दुकानासमोरचा कचरा नदीत लोटता लोटता हात आखडला, मी डोळ्यांनी बघितलं. बाबासाहेबांच्या जयंतीला यंदा मिरवणुकीआधी घाट साफ करायचा, असं ठरलं आहे. हेच आमचं श्रमदान. लहानूने कारखान्यातून सब्बल आणि फावडी मागून आणली आहेत. समितीत मी सचिव आणि भीमाबाई अध्यक्ष. तिला सही येत नाही, अंगठा चालेल ना?

अर्ज हिंदीत आहे, तो मी भरते. तू काळजी करू नकोस. खोटं एक अक्षर लिहिणार नाही, म्हणजे तुला माझ्यामुळे खाली बघायला नको.

तुझी भोजली


विनोदिनी, तेलीबांधा
६ मे २००५

प्रिय भोजली,

हे काय करून ठेवलंस तू?

तुमचा अर्ज आला. घाटाचे फोटो बघून अध्यक्षसुद्धा खूश झाले. आणि शेवटच्या पानावर सगळ्याचा विचका. "चयन समिति के किसी सदस्य से नाता-रिश्ता" असा रकाना आहे. तिथे नुसतं "नहीं" लिहायचं असतं. तू लिहिलंस, "हाँ. आपकी समिति की महिला सदस्य मेरी भोजली हैं." वर कुणाच्या तरी हातून शेजारी माझं पूर्ण नाव लिहून घेतलंस! निकषात स्पष्ट आहे, की अर्जदाराचं समितीतल्या कुणाशी नातं असेल तर अर्ज अपात्र. कारकुनाने पुढचं काही न बघता तसा शिक्का मारला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच गं.

अगं, नातं म्हणजे भाऊ, बहीण, सासर, माहेर. ते नियम करणाऱ्याला भोजली कुठे माहीत? उद्या विचारलं तर कायद्यात तू माझी कुणी नाहीस. सोबत कोरा कागद पाठवते आहे. त्यावर "कोई रिश्ता नहीं" एवढंच लिहून सही कर, मी छाननीच्या बैठकीआधी लावून घेते. एका शब्दाने तुझ्या-माझ्यात काय कमी होणार आहे? आणि हा शब्द लिहिला नाहीस तर पावसाळ्याआधी स्लॅब पडेल. मग कुठली नदी आणि कुठला निधी.

माझीही इथे अडचण होते आहे. ती कुठली ते आत्ता विचारू नकोस. फक्त कागद पाठव.

तुझी भोजली


अपर्णा, बीरगांव
९ मे २००५

प्रिय भोजली,
जय भीम. (तू या वेळी लिहायला विसरलीस.)

कोरा कागद कोराच परत पाठवते आहे.

रागावू नकोस, आधी ऐक. माझ्या हातून चूक झाली हे मान्य. मला वाटलं नातं आहे का असं विचारलंय तर जे आहे ते लिहावं, त्याने अर्ज आणखी पक्का होईल. आपल्या माणसाचं नाव असलं की काम लवकर होतं, एवढीच सरकारी अक्कल मला. निकषांचं ते पान मी वाचलंच नव्हतं. तू बरोबर ओळखतेस मला.

पण आता "नाही" कसं लिहू? माझी आई गेली तेव्हा तू तेरा दिवस आमच्या घरात भांडी घासलीस. पाहुण्यांनी विचारलं की तू सांगायचीस, मी मुलगी आहे यांची. तेव्हा कुणाच्या कायद्यात बसत होतं ते?

तरी मी हट्ट धरून बसले नाही. नदी माझ्या एकटीची नाही. मी अंगणात सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाले, मी सचिवपद सोडते, माझं नाव काढा, म्हणजे नात्याचा प्रश्नच मिटेल. लहानू म्हणाला, "दीदी, तुमी काहून सोडता? लिहून टाका ना 'नाही'. कोन पाह्यते?"

भीमाबाई म्हणाली, "केवटी पाहून राहिली ना. तिच्याच पान्यात तं यायची भोजली झाली."

मग ती माझ्यावर घसरली. "अन् तू सोडून काय होते वं? तुही भोजली ते माही पोट्टी. लहानूच्या लग्नात ते कोनाकडून बसली होती? आपल्याकडून. नातं तं साऱ्या पाऱ्याचं हाय." भैय्यालाल तर हात जोडून उभाच राहिला. "मितान ल नइ मितान कइसे कहिबो, दीदी? पाप परही." तो छत्तीसगढी माणूस, त्याच्या घरी तीन पिढ्यांचे मितान, आपल्या भोजलीसारखेच जोडलेले. जे आपले झाले त्यांना आपले नाहीत असं तो कसं म्हणणार?

तर परिस्थिती अशी आहे. सचिव बदलून भागत नाही. समितीतल्या प्रत्येकाला तो रकाना भरायचा आहे आणि एक जणही "नाही" लिहायला तयार नाही. हसू नकोस. मला रडू येतंय.

तू कागदावर तुझ्या बाजूने काय लिहायचं ते लिही, मी तुला कधी दोष देणार नाही. पण मला तो शब्द लिहायला लावू नकोस. दुसरा काही मार्ग असला तर लवकर कळव.

तुझी भोजली


अपर्णा, बीरगांव
२ जून २००५

प्रिय भोजली,

तुझं पत्र नाही. भैय्यालालच्या दुकानातून दोनदा फोन केला. पराग बोलला, "आंटी, मम्मी अभी बात नहीं कर सकतीं." आत तुझा आवाज येत होता.

म्हणजे तू रागावलीस. बरोबरच आहे. एवढ्या वर्षांनी तुला मान मिळाला आणि मी तुझं नाव अर्जावर चिकटवून टाकलं. तुझी अडचण काय ते तू लिहिलं नाहीस, पण मी एवढी खुळी नाही. तुझ्याकडे बोट दाखवलं असेल कुणीतरी, की या बाईने आपल्या माणसांना अर्ज करायला लावला.

काल पाऱ्याच्या तोंडाशी ट्रक येऊन सिमेंटचे स्लॅब उतरवून गेला. चांगले जाडजूड आहेत. मुलं त्यांच्यावर चढून उड्या मारतात. भीमाबाई दिवसभर घाटावर बसून होती, जेवायलाही उठेना. जयंतीला आम्ही साफ केलं तिथून अजून पाणी वाहतंय गं. बारीक धार आहे, पण तळ दिसतो. लहानूच्या बायकोने तिथे पाय धुतले. इतक्या वर्षांत त्या पाण्यात कुणी पाय घातला नव्हता.

मी रात्रंदिवस विचार केला. हरले मी. तो कागद पुन्हा पाठव. "नाही" लिहिते. बाकीच्यांचीही समजूत काढते, मास्तरीण आहे, दोन शब्द ऐकतील. आपण दोघी आज आहोत, उद्या नाही. नदी राहिली पाहिजे. तुझ्याशी नातं नाही असं लिहिलं म्हणून केवटी वाहणार असेल तर तेही लिहीन, आणि मग घरी येऊन पोटभर रडेन.

फक्त एकदा कळव, की तू बोलशील ना माझ्याशी?

भोजली


विनोदिनी, तेलीबांधा
१४ जून २००५

प्रिय, प्रिय भोजली,
जय भीम, जय भीम, जय भीम. मागचे राहिलेले सगळे भरून काढले.

काही लिहू नकोस! पेन खाली ठेव. केवटी पात्र ठरली, मंजूरही झाली, आणि स्लॅबचं काम थांबवायचं पत्र काल निघालं. आता बस, पाणी पी, आणि पुढचं वाच.

मी बोलत नव्हते कारण मला मनाई होती. मी रागावले असं तुला वाटलं? भोजली, रागावले होते खरी, पण तुझ्यावर नाही, स्वतःवर. तुमच्यासारखाच एक कागद आम्हा सदस्यांनाही दिला होता, कुठल्याही अर्जदाराशी माझं नातं नाही, खाली सही. तो एप्रिलपासून माझ्या पर्समध्ये होता. रोज वाटायचं, आज सही करून टाकू. भाजी घेताना पर्स उघडली तरी तो दिसायचा. आणि तू मात्र ते एका ओळीत लिहून मोकळी झालीस. तुझा अर्ज बघून मला आधी संताप आला, मग घरी येऊन लाज वाटली.

तुझा कोरा कागद परत आला त्या दिवशी मी माझा कागद काढला आणि "हाँ" लिहिलं. श्यामराव म्हणाले, "समितीतून काढतील तुले." मी म्हटलं, काढू देत. अध्यक्षांना नेऊन दिला. त्यांनी वाचला, घडी घातली आणि म्हणाले, दहा जूनच्या बैठकीत बघू, तोपर्यंत उस पक्ष से कोई बातचीत नहीं. म्हणून तुझा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरातून परागला 'नाही म्हणून सांग' म्हणत होते, आणि मग तोंडात पदर धरून बसले. पराग बिचारा दोघींच्या मध्ये अडकला.

दहा तारखेला मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि सांगितलं, हे नातं खरं आहे, मला समितीतून मोकळं करा, पण नदीला शिक्षा करू नका. आमच्याकडे वनमाला मॅडम आहेत, नियमांचं काम त्यांच्याकडे. दिल्लीकडून आलेल्या, बाई चांगली आहे. त्यांनी विचारलं, "खून का रिश्ता है?" मी म्हटलं नाही. "शादी-ब्याह का?" नाही. "फिर तो रिश्ता ही नहीं है, विनोदिनीजी. काट दीजिए. बात ख़त्म."

बघ भोजली, नियमानेच मला दार उघडून दिलं होतं. तुझा अर्ज पात्र, माझी खुर्ची शाबूत, फक्त मान हलवायची. आणि मला मान हलवता येईना.

तेव्हा अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते धमतरीकडचे, जन्मात कधी आवाज चढवला नसेल. म्हणाले, "मैडम, मेरे महाप्रसाद की अर्थी को मैंने कंधा दिया है. उसके बच्चे मुझे फूल-बाबू कहते हैं. रिश्ता नहीं था, तो वो क्या था?"

जगन्नाथाचा प्रसाद एकमेकांना भरवून झालेला मितान, तो त्यांचा महाप्रसाद. मग ते म्हणाले, "और उसी गाँव का आवेदन भी इस फ़ाइल में है. मैंने भी 'नहीं' लिखा है. ग़लत लिखा है." त्यांनी आपला कागद काढून सगळ्यांसमोर दुरुस्त केला.

अगं, मग जी रांग लागली! जांजगीरच्या सदस्यांचे गंगाजल निघाले, महासमुंदच्या सदस्यांचे जंवारा निघाले, अशीच पाणी नि रोपं देऊन जोडलेली नाती. कुणाच्या वडिलांचे मितान, कुणाच्या आजीच्या भोजलीचा नातू. छत्तीसगढात नातं नसलेला माणूस शोधायचा तर बाहेरून मागवावा लागेल, असं शेवटी वनमाला मॅडमच म्हणाल्या आणि हसायला लागल्या. मग त्यांनीच नवा नियम लिहून काढला. ज्या अर्जात ज्याचं नातं असेल, मग ते रक्ताचं असो की जोडलेल्या मैत्रीचं, त्याने ते सांगायचं आणि त्या अर्जापुरतं उठून बाहेर जायचं. अर्ज अपात्र नाही. लपवलं तर मात्र अपात्र.

केवटीचा नंबर आला तेव्हा मी बाहेर बाकावर जाऊन बसले. आत काय चाललंय काही ऐकू येईना. चपराशाने चहा दिला, तो तसाच निवला. घाटावरची आपली दोघींची बुटकी सावली आठवत होती, तुझ्या कानावरचं रोप सारखं घसरत होतं आणि तू ते हाताने धरून घरापर्यंत चालली होतीस. मग दार उघडलं आणि अध्यक्ष स्वतः बाहेर आले. "जाइए, भोजली को ख़बर कीजिए," म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

घरी आले तर श्यामरावांनी तुझं दोन तारखेचं पत्र हातात ठेवलं. निकालापर्यंत त्यांनी ते दडवून ठेवलं होतं. माझ्यासाठी तू "नाही" लिहिणार नव्हतीस आणि नदीसाठी लिहायला निघालीस. वाचून मी रडले, आणि ते लिहायची वेळ तुझ्यावर आली नाही म्हणून आणखी रडले.

बोलशील ना, म्हणे! बावळट कुठली.

तुझीच भोजली


अपर्णा, बीरगांव
२१ जून २००५

प्रिय भोजली,
जय भीम.

तुझं पत्र भैय्यालालच्या दुकानासमोर उभ्या उभ्याच फोडलं. "पात्र ठरली" एवढं मोठ्याने वाचलं आणि पुढचं मनातच वाचत सुटले. लहानूने पत्र हातातून घेतलं, पण त्याला मराठी वाचता येत नाही. मग सगळे ओरडायला लागले, "काय झालं, काय झालं?" मी नुसती नदीकडे बोट दाखवलं. त्यांना कळलं.

भीमाबाईला घाटावर जाऊन सांगितलं. मला वाटलं ती नाचेल. ती म्हणाली, "मले ठाऊक होतं," आणि मग डोळ्याला पदर लावून कितीतरी वेळ बसून राहिली. तिला काही ठाऊक नव्हतं, भोजली. तीही आमच्याइतकीच घाबरली होती.

अध्यक्षांच्या महाप्रसादाची गोष्ट मी अंगणात वाचून दाखवली. भैय्यालाल म्हणाला, "हव, बने करिस." त्याच्या तोंडून सरकारी माणसाचं कौतुक मी पहिल्यांदा ऐकलं.

स्लॅब न्यायला अजून ट्रक आलेला नाही. ठेकेदार म्हणतो, भाडं कोण देणार, राहू द्या तिथेच. मुलांच्या उड्या चालू आहेत. लहानू म्हणतो घाटाच्या पायऱ्या खचल्यात, तेच चार तिथे बसवून टाकू. ज्याने नदी झाकणार होते त्याच्यावर बसून बायका गप्पा मारतील. परवानगी लागते का गं त्याला? तुला विचारणार होते, पण आता तुला विचारायचं नाही.

कारण मंजुरीच्या पत्रासोबत तुमचा ठराव आला आहे. या वेळी मी शेवटच्या पानापर्यंत वाचला, शपथेवर. त्यात लिहिलंय, की ज्या सदस्याचं नातं आहे त्याला त्या नदीच्या कुठल्याही तपासणीला येता येणार नाही. काम सुरू असताना नाही, संपल्यावर नाही. म्हणजे मेंबरसाहेब म्हणून तुला आमच्या केवटीवर पाय ठेवायची बंदी. एवढी धडपड करून हे मिळालं तुला!

लहानूच्या बायकोने टोपली विकत आणली आहे. नागपंचमीला गहू पेरणार म्हणते. पाऱ्यात कितीतरी वर्षांत कुणी पेरले नव्हते, कारण सोडायचे कुठे? राखीच्या दुसऱ्या दिवशी, दुपार कलताना, घाटावर ये. ठरावात मी नीट बघितलं. नातं असलेल्याने तपासणीला यायचं नाही, एवढंच आहे. नात्यातल्या माणसाने नात्याने यायचं नाही, असं कुठेही लिहिलेलं नाही.

तुझी भोजली